दोन राजपुत्र आणि एक मावळा

चित्रकलेच्या समीक्षेंत रेषेची चर्चा होते, रंगांची होते, क्वचित् चौकटीचीहि होते. परंतु चित्र पुरें झाल्यावर त्याला चालतें-बोलतें करण्यासाठीं जी तयारी करावी लागते, तिच्याकडे समीक्षक सहसा फिरकत नाहींत. तें काम कारकुनी समजलें जातें. माझीहि समजूत परवांपर्यंत अशीच होती. ती ढळली माझ्या पुतण्याच्या एका मावळ्यामुळें.

हा मुलगा संगणकावरील खेळांसाठीं पात्रें रेखाटण्याचा अभ्यास करीत आहे. त्यानें काढलेला मावळा कागदावर खरोखरच देखणा होता. उभें राहण्यांत ऐट होती आणि डोळ्यांत सावधपणा. मग त्यानें या धंद्याच्या रीतीप्रमाणें त्याचे तुकडे केले: डोकें, धड, दंड, कोपरापुढचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल. प्रत्येक तुकडा पारदर्शक पाठीच्या निराळ्या फाइलींत घातला, आणि सगळे तुकडे एका मोठ्या पत्र्यावर दाटीनें मांडून खेळाच्या यंत्रणेकडे रवाना केले. या क्रियेला ते लोक एक्स्पोर्ट म्हणतात. मी तिला पाठवणी म्हणतों; कारण माहेरीं कोणाच्या ध्यानांतहि न आलेल्या गोष्टी परक्या घरीं पहिल्याच दिवशीं उघड्या पडतात. मावळ्यानें हात उचलला आणि कोपरांत फट पडली. मुंडाशाभोवतीं पांढुरकी किनार दिसूं लागली, कारण कडेच्या अर्धपारदर्शक बिंदूंनीं मूळच्या पांढऱ्या कागदाचा रंग बरोबर आणला होता. डावीकडे वळतांच तो डावखुरा झाला आणि अंगरख्याचे बंद दुसऱ्या कुशीला गेले. कारण डावीकडचें चित्र म्हणजे उजवीकडच्याचेंच आरशांतलें प्रतिबिंब. मुलगा हिरमुसला. "चित्र तर तेंच आहे ना, काका? मग तें मेलें कसें?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. त्याचें उत्तर शोधतांना मला दोन राजपुत्र आठवले.

पहिला, लोटे राइनिगर या जर्मन बाईंचा राजपुत्र अहमद. अरबी सुरस कथांवर आधारलेला त्यांचा बोलपट-पूर्व काळांतील चित्रपट 1926 सालीं पुरा झाला. त्यासाठीं तीन वर्षें खपावें लागलें. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या चलच्चित्रपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या आकृति कात्रीनें कापायच्या, अवयव तारेनें एकमेकांना जोडायचे, खालून उजेड दिलेल्या कांचेवर त्या निजवायच्या, आणि केसभर हलवून एकेक छायाचित्र घ्यायचें, असा हा उद्योग. म्हणजे मावळ्याचे तुकडे करण्याची रीत शंभर वर्षांची जुनी आहे. मग अहमदाच्या कोपरांत फट कां पडत नाहीं?

यांत खरी मेख अशी आहे कीं, राइनिगर बाईंनीं पुरें चित्र काढून मागाहून तें तोडलेलें नाहीं. त्यांची कात्री पहिल्यापासूनच सांध्यांचा विचार करीत चालते. दंडाचें टोंक कोपराच्या पलीकडे जातें, पुढच्या हाताचें टोंक त्याच्या खालीं शिरतें, आणि दोहोंचा गोलावा एकाच तारेभोंवतीं फिरतो. प्रेक्षकाला कधींच न दिसणारा तो लपलेला भाग हेंच त्यांचें खरें रेखाटन होय. शिवाय काळ्यावर काळें पडल्यामुळें सांधा डोळ्यांना दिसतच नाहीं. आमच्या मावळ्याला हें सुख नाहीं; तो रंगीत आहे आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याभोंवतीं काळी रेघ आहे. हात वळला कीं ती रेघ कोपरांतून आडवी जाते आणि खाटकाच्या ठोकळ्याची आठवण करून देते.

अहमदाला चेहरा नाहीं, आणि त्याची उणीवहि भासत नाहीं. सारें बोलणें हातांच्या बोटांत आलें आहे. चेटकीण आणि मांत्रिक यांचें एकामागून एक प्राण्यांचीं रूपें घेत होणारें युद्ध पाहावें. पुठ्ठा आहे हें विसरायला होतें. दोष सांगायचाच तर पायांचा. या आकृति तरंगतात, घसरतात. त्यांचें वजन जमिनीला कळत नाहीं.

तें वजन दुसऱ्या राजपुत्राजवळ आहे. अमेरिकेंतील जॉर्डन मेक्नर या तरुणानें केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा संगणकीय खेळ 1989 सालीं प्रसिद्ध झाला. त्याची वाट अगदीं उलटी. त्यानें 1985 मध्यें आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलें आणि त्याचें चित्रण केलें. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तें थांबवीत त्यानें छायाचित्रें घेतलीं, काळ्या शाईनें आणि पांढऱ्या रंगानें आकृतीचा आकार वेगळा उठवला, आणि मग तो संगणकांत उतरवला. तलवारीचे हात 1938 च्या 'रॉबिन हूड' चित्रपटांतील द्वंद्वावरून घेतले. येथें तुकडे नाहींत. प्रत्येक क्षणाची सबंध आकृति वेगळी आहे.

याला कोणी नक्कल म्हणेल. प्रथमदर्शनीं मलाहि तसेंच वाटलें होतें. पण त्या भावाचें काय उरलें तें पाहा. चेहरा गेला, कपड्यांच्या चुण्या गेल्या, बहुतेक क्षणहि गेले. उरलें तें पाऊल टाकतांना शरीराला जाणवणारें ओझें. काय गाळायचें हें ठरविणें ही निवड आहे, आणि निवड ही नक्कल नव्हे. या ओझ्याची किंमतहि द्यावी लागते. राजपुत्र हुकमासरशीं थांबत नाहीं. धांव पुरी करूनच थांबतो, आणि खेळणारा कित्येकदां त्यामुळें दरींत पडतो. मला हा त्याचा गुण वाटतो. पुतण्याला वाटत नाहीं.

या खेळांतील सर्वांत मोठी कल्पना तर तयारीच्या अडचणींतूनच जन्मली. आणखी एका पात्राचीं चित्रें ठेवायला संगणकाच्या स्मृतींत जागा उरली नव्हती. तेव्हां मेक्नरनें राजपुत्राचीच आकृति एका बिंदूनें सरकवून तिच्याच अंगावर अशी मांडली कीं, दोन्ही जेथें जुळतील तेथें पुसलीं जावींत. मागें उरली ती एक चमचमणारी छाया. राजपुत्र आरशांतून उडी घेतो आणि ही छाया त्याच्यांतून निघून पळते. पुढें आडवी येते, आणि शेवटीं तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केली तरच ती पुन्हां आपल्यांत विरते. कारकुनी म्हणून ज्या कामाकडे आम्ही पाठ फिरवली, त्याच्याच पोटीं ही कल्पना आली. स्प्राइट या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ यक्ष, पिशाच्च असा आहे. येथें तो अक्षरशः खरा झाला.

सांध्याची अडचण टाळण्याची आणखी एक युक्ति 1995 च्या 'रेमन' या फ्रेंच खेळांत दिसते. तेथें नायकाला दंड नाहींत, मांड्या नाहींत. पंजे आणि पाउलें नुसतीं हवेंत तरंगतात. मला ती चतुराई आवडली. पण तिचें अनुकरण आमच्या मावळ्याला शोभणार नाहीं.

मीं हें सारें पुतण्याला सांगितलें. त्यानें पहिलें चित्र मोडलें नाहीं, बाजूला ठेवलें. नव्यानें काढलेल्या दंडाचें टोंक त्यानें गोल केलें आणि कोपराच्या आंतपर्यंत नेलें. तेथली काळी रेघ वगळली. कडेचा रंग थोडा बाहेरपर्यंत पसरवला. आणि डावीकडच्या मावळ्यासाठीं तलवार व बंद निराळे काढले. एक खबरदारी त्यानें स्वतःच शोधली: पत्र्यावर दोन तुकड्यांमध्यें थोडी जागा सोडली, नाहीं तर शेजाऱ्याचा रंग ह्याच्या कडेला झिरपत होता. हात आतां सुरेख उचलला जातो. पाय मात्र अहमदासारखे घसरतात. म्हणून गेल्या रविवारीं त्यानें धाकट्या भावाला गच्चीवर उन्हांत तासभर धांवायला लावलें आणि वहिनींचीं बोलणीं खाल्लीं. छायाचित्रें पुष्कळ निघालीं आहेत. त्यांतलीं कोणतीं टाकायचीं, यावर आमच्या घरीं अजून वाद चालू आहे.