चित्रातले मूल कोणाचे?

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. कविता आणि आत्मकथने यांच्या निमित्ताने प्रस्थापित अभिरुचीची जी झडती आपण घेतली, ती तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातातील पुस्तकापर्यंत पोचली नाही. या वयाचे मूल अक्षर वाचत नाही, चित्र वाचते. चित्रात कोण हसतो, कोण राबतो आणि कोण मुळी नाहीच, हे ते शाळेत जाण्याआधीच शिकून बसते. म्हणून ‘रंजक आणि बोधप्रद’ या दोन विशेषणांवर पुस्तक निवडणे मला अपुरे वाटते. रंजन कोणाचे आणि बोध कोणता, हे विचारलेच पाहिजे.

अमेरिकेत हा प्रश्न १९६५ सालीच विचारला गेला. नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये मुलांच्या ५,२०६ पुस्तकांचा हिशेब मांडला. १९६२ ते १९६४ या काळातील त्या पुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. १९७२ साली दलित पँथरच्या नावातच कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नाते सांगणाऱ्या आपण मराठी बालपुस्तकांचा असा हिशेब मांडायला हवा.

त्याच काळात, १९६२ साली, एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक आले आणि १९६३ साली त्याला कॅल्डिकॉट पदक मिळाले. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो, पावलांचे ठसे उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात जपून ठेवतो आणि तो नाहीसा झालेला पाहून खट्टू होतो. एवढीच गोष्ट. पीटर कोणाच्या दयेचा विषय नाही, की कोणाला धडा देण्याचे साधन नाही. लॅरिक यांना त्याच्या आईचे चित्र खटकले. धिप्पाड देह आणि भडक पोशाख हा गोऱ्यांच्या मनातील साचाच होता. हा आक्षेप मला मान्य आहे. लेखक स्वतः गोरा होता, हेही विसरता येत नाही. मात्र मजकुरात पीटरच्या वर्णाचा उल्लेख नाही म्हणून जी टीका झाली, ती मला पटत नाही. वर्ण चित्रातच होता, तो शब्दांत सांगण्याची गरज नव्हती.

आपली अडचण इथेच सुरू होते. जात कातडीवर दिसत नाही. मराठी चित्रपुस्तक जातीविषयी गप्प राहिले, तर चित्रातले घर, देव्हारा, सण आणि आडनाव बोलू लागतात. तो गप्पपणा तटस्थ नसतो. आपल्या चित्रात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असेल, वस्तीचा नळ असेल, कामावरून परतलेली आई असेल, तर एकही शब्द न लिहिता आपले मूल स्वतःला ओळखील.

आपल्याकडे काम झालेच नाही असे नाही. कांचा इलय्या यांचे श्रमप्रतिष्ठेवरील ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’ (२००७) दुर्गाबाई व्याम यांनी चितारले. बाबासाहेबांवरील ‘भीमायन’ (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांच्या चित्रांनी उभे राहिले. ही दोन्ही पुस्तके मोलाची आहेत, पण ती वाचत्या मुलांची आहेत. चार वर्षांच्या मुलाच्या हाती अपमानाचा इतिहास आधी आणि खेळ नंतर द्यावा, हे मला मान्य नाही. महापुरुषांची चरित्रे त्याला यथाकाल मिळतीलच. तोवर निर्हेतुक आनंदावरही त्याचा हक्क आहे.

बालवाडीसाठी पुस्तक घेणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी म्हणून चार गोष्टी पाहाव्यात. आपल्यासारखे मूल चित्राच्या मध्यभागी आहे काय? ते स्वतः काही करते, की कोणी त्याचा उद्धार करतो? झाडणाऱ्या, चामडे कमावणाऱ्या हातांना चेहरा आहे काय? आणि मूल ते पुस्तक पुन्हा मागते काय? पहिल्या तिन्हींना होकार आणि चौथ्याला नकार आला, तर ते पुस्तक मी घेणार नाही. आणि चारही कसोट्यांना उतरणारी पुस्तके मराठीत पुरेशी होईपर्यंत ती लिहिणे आणि चितारणे हे आपल्या लेखक-चित्रकारांचे काम आहे.