शिक्षणाची स्मृती आणि भाव : रमाबाई रानडे यांच्या आठवणींच्या निमित्ताने

आत्मचरित्राला सामाजिक इतिहासाचे साधन मानताना एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. जे शिकले गेले आणि शिकण्यातले जे आठवले, ती एकच गोष्ट नव्हे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) हे पुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. १८७३ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी विवाह झाल्यावर न्या. रानडे यांनी त्यांना घरीच शिकविण्यास आरंभ केला. तथापि धड्यांच्या तपशिलापेक्षा ठसतात ते घरातल्या स्त्रियांचे टोमणे, त्यांपुढचे मौन, आणि कलकत्त्याला न्हाव्याकडून बंगाली शिकणाऱ्या पतीचे कौतुकमिश्रित चित्र.

या निवडीची मीमांसा वैशेषिक परिभाषेत करता येते. प्रशस्तपादांनी 'पदार्थधर्मसंग्रहा'त स्मृतीला कारण होणाऱ्या संस्काराला 'भावना' म्हटले आहे. येथे त्या शब्दाचा अर्थ मनोविकार असा नाही. हा संस्कार पटू प्रत्यय, अभ्यास आणि आदर यांमुळे बळावतो. दाक्षिणात्याला प्रथमच उंट दिसावा, तसा आश्चर्याचा ठसा पहिल्या प्रकारचा. विद्या, शिल्प, व्यायाम यांचा दुसऱ्या प्रकारचा. रमाबाईंचे अक्षरज्ञान अभ्यासजन्य आहे. ते प्रसंग म्हणून आठवावे लागत नाही, कारण ते सामर्थ्य होऊन बसले आहे. हे पुस्तकच त्याचा पुरावा होय. अपमान मात्र पुनःपुन्हा घडूनही अंगवळणी पडत नाही. तो दर वेळी पटू प्रत्यय म्हणूनच उमटतो.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रशस्तपाद दुःखाला संस्काराचा विरोधी मानतात. मग दुःखदायक तेच कसे टिकले? याचे उत्तर असे की दुःख इतर संस्कारांना झाकोळते, पण स्वतःही अनुभवाचा विषय होऊन आपला ठसा उमटविते. शिवाय १९०१ मध्ये रानडे निवर्तल्यानंतर हे लेखन सिद्ध झाले. वियोगाने जुन्या प्रसंगांना नवा क्रम दिला; छळाची आठवणही पतिनिष्ठेच्या कथेत सामावली गेली.

म्हणून या ग्रंथात अध्यापनाचा तपशील विरळ आहे, यावरून ते शिक्षण वरवरचे होते असा निष्कर्ष काढणे अप्रस्तुत ठरेल. भावाने जपलेले कथनात येते, अभ्यासाने जपलेले कथन शक्य करते. समीक्षकाने पहिल्यावरून दुसऱ्याचे मोजमाप करू नये.