सोवळ्याची चूल : 'स्मृतिचित्रे' वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, नाइट शिफ्टवरून आल्यावर वाचून काढलं. मंडळातल्या एका पोट्ट्यानं ते हातात पाहिलं न् म्हणाला, ''काहून बे, बामणाच्या बाईचं पुस्तक कायले वाचतं?'' त्याचा प्रश्न चूक नाही. पांढरपेशांनी हे पुस्तक साधं, गोड, खेळकर म्हणून इतकं डोक्यावर घेतलं, की त्यातली चूल कुणाला दिसलीच नाही.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको मागं राहिली. काही वर्षं दोघं वेगळी. मीठसुद्धा धुवून घेणाऱ्या बापाच्या घरात वाढलेली ही बाई मग नवऱ्याकडे आली ती सोवळं बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांना विरोध करणारा समाज बाहेर होता, तसा घरातही होता, आणि घरातला म्हणजे ती स्वतः. हे ती लपवत नाही. उलट स्वतःला हसते.

ख्रिस्ती प्रवचनात नेहमी ऐकू येतं, की विरोध सोसला की माणूस आत्म्यानं वाढतो. मला हे पटत नाही. छळणाऱ्याच्या फार सोयीचं आहे ते. आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, त्यानं कुणाचा आत्मा वाढला? बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त (1888) धर्मांतराची वाट साक्ष दिल्यासारखी येते. लक्ष्मीबाईंचं तसं नाही. आडवी येणारी आपणच आहोत, हे कळल्यावर ती वाढते. जात देवानं केली की माणसानं, याचा स्वतःशीच विचार करते आणि जात आधी टाकते. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. हा क्रम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कित्येकांनी धर्म आधी बदलला, जात कनवटीला तशीच.

पण हिशेब इथं मिटत नाही. नगर जिल्ह्यात मिशनकडे गेलेले बहुतेक महार-मांग होते. टिळकांची जात गेली म्हणून बोभाटा झाला. महाराची जात गेलीच नाही, पाणवठा तसाच बंद. ही माणसं पुस्तकात येतात, बाई त्यांच्यात राहते, मायाही करते. पण त्यांच्या आतलं तिला सांगता येत नाही. ते त्यांनीच लिहायचं होतं. 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती मंडळींना तोंडावर सुनावलं, की समाज म्हणून तुम्ही अन्यायाविरुद्ध लढला नाहीत. पुढं 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती धर्माला बांधल्या. शीख 1956 मध्ये आत आले, आपण बौद्ध 1990 मध्ये. ख्रिस्ती दलित अजून दाराबाहेर. आपल्या किती मोर्च्यांत त्यांची मागणी होती, सांगा बरं.

आता माझं. 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्यात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या गर्दीत माझा आजा होता. घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. दोन वर्षांमागं बहिणीनं एका पोराचं नाव काढलं. पोरगा कंत्राटी कामगार, घरचे मांगाचे ख्रिस्ती. आई म्हणाली, ''ख्रिस्ती हाय ते चालते. पण मांग?'' मी मंडळाचा सेक्रेटरी, जातिअंतावर भाषणं ठोकणारा. ड्यूटी आहे म्हणून उठलो न् बाहेर पडलो. ड्यूटी नव्हती. गेटजवळच्या टपरीवर रात्रभर चहा पीत बसलो.

लक्ष्मीबाईची वेगळी चूल वाचताना ती टपरी आठवली, आणि पुस्तक दोन दिवस उघडवलं नाही.

येत्या रविवारी मंडळात याच पुस्तकावर बोलणार आहे. बहीण येते म्हणाली, तो पोरगाही येईल. आईलाही ये म्हटलंय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.