भैरवीनंतर काय वाजतं?

मंडळी, पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की मागच्यांना ऐकू येत नसेल. पुढे या, खुर्च्या आहेत.

आम्ही तिघे-चौघे जण गेली काही वर्षं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी पडवीत जमतो आणि जुन्या तबकड्या ऐकतो. तेवढ्याच भांडवलावर आज बोलायला उभे आहोत. रेकॉर्डचा आवाज मोबाईलपेक्षा गोड असतो, असं आम्ही सांगू अशी तुमची अपेक्षा असेल. तसं आम्ही म्हणणार नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तंबोरा धड ऐकू येत नाही आणि डग्गा तर अंदाजानेच ऐकायचा. त्यात आपली हवा! जून ते सप्टेंबर बुरशीशी भांडण, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले स्क्रू, टर्नटेबलचा सैल पडलेला रबरी पट्टा. शुद्ध आवाजासाठी कुणी ही उठाठेव करत असेल, तर त्याने ती करू नये.

मग आम्ही का करतो? एक उदाहरण घ्या. केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. जेमतेम साडेतीन मिनिटांची. हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तीही तबकडीवरच, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या. सोबत सुई दिली आणि ती कशी वापरायची याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या. यानं सुटली आणि काही दिवसांतच, त्याच सप्टेंबरात, केसरबाई गेल्या.

आता ही भैरवी ॲपवर लावा. शेवटचा स्वर विरतो न विरतो तोच पुढचं काहीतरी आपोआप सुरू होतं. कुणाचं तरी भजन, नाहीतर जाहिरात. अहो, भैरवी झाली म्हणजे मैफल संपली! त्यानंतर गात नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ॲपला ते ठाऊक नाही, कारण त्याला संपणं परवडत नाही. तबकडी मात्र संपते. सुई मधल्या गोल कागदापाशी जाऊन खरखरत राहते आणि कुणीतरी उठून ती उचलेपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही. त्या खरखरीसाठी आम्ही जमतो म्हटलंत तरी चालेल.

दुसरी गोष्ट नावांची. ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक सावरकरांनी इथे रत्नागिरीत लिहिलं. तेव्हा त्यांना जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. १९३१ साली ते रंगभूमीवर आलं. चाली वझेबुवांच्या, म्हणजे सावंतवाडीकडच्या माणसाच्या, आणि गायले मास्टर दीनानाथ. नाटककाराला हद्द ओलांडता येत नव्हती, पण पदं गावोगाव फिरली. अशा पदामागे निदान तीन माणसं असतात. ॲपवर मात्र ‘कलाकार’ म्हणून एकच चौकट असते. तीत कधी गायक, कधी कवी, तर कधी कंपनीच. साल बघावं तर पुन्हा प्रकाशित केल्याचं. एल.पी.च्या पाठीवर राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सगळं वाचत वाचत आमचे कान तयार झाले. अर्थात जुन्या ७८च्या तबकड्यांवरही साथीदारांची नावं सहसा नसत, हे कबूल. तेव्हाही तबलजीवर अन्यायच होता.

आणि स्ट्रीमिंगचे उपकारही आहेत, नाही कसं म्हणणार? लांज्याच्या एखाद्या मुलाला आज दीनानाथ फुकटात ऐकता येतात. आम्हाला त्या वयात एका तबकडीसाठी कुणाच्या तरी काकांची मर्जी सांभाळावी लागे.

पण जे कधी त्या साठ्यात चढलंच नाही, त्याचं काय? आपल्या जिल्ह्यातलं जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सामने, नमन. यांच्या कॅसेटी आणि पुढे व्हीसीडी बाजारात, जत्रेत ढिगाने मिळायच्या. मुंबईला निघालेला चाकरमानी आंब्याच्या पेटीबरोबर त्याही न्यायचा. त्यातल्या थोड्याच आज इंटरनेटवर आहेत. ज्या आहेत त्यांतही शाहिराचं नाव नाही, गावाचं नाव नाही, अर्धा सवाल आहे आणि जबाब गायब. सवाल-जबाबातला जबाबच नसेल तर ऐकायचं काय, कपाळ?

इथे आमचाही दोष आहे. आमच्यातल्याच एकाने घराला रंग काढताना अशा कॅसेटींची दोन खोकी भंगारवाल्याला दिली. तो आज इथे पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलाय. त्याला बोलू नका, आम्ही बोलून झालोय. उरल्यात अकरा व्हीसीडी. नव्या लॅपटॉपला चकती घालायची खाचच नसते, त्यामुळे त्या वाचतो तो एक जुना प्लेअर. त्याचा कप्पाही बाहेर यायला बोटाने ढकलावा लागतो. तो बंद पडायच्या आत त्या उतरवून घ्यायच्यात, शाहिरांची आणि गावांची नावं लिहून. तुमच्या माळ्यावर अशा काही असतील तर पुसू नका, ओल्या फडक्याने तर नकोच. तशाच आणा.

आता एक नाट्यपद लावतो. लाइट गेली तरी काळजी नाही, हा ग्रामोफोन चावीचा आहे. फक्त मध्ये कुणी उठू नका, फळी हलली की सुई उडते.