वेढणीचे वळसे

वेढणी नीट पाहायची तर डोळ्यांतली बाकीची झगमग आधी बाजूला सारावी लागते. खडा नाही, नक्षी नाही, मीनाकारी नाही. चोख सोन्याची जाडशी तार बोटाभोवती वळसे घेते आणि थांबते, एवढंच. पु. ना. गाडगीळ सराफांचं नाव निघालं की पुण्यातल्या कित्येक घरांना ठुशी-तन्मणीच्या आधी ही वेढणी आठवते. त्या पेढीचा इतिहास मला जाहिरातींपेक्षा हिच्यात जास्त स्पष्ट वाचता येतो.

तिची सगळी खुबी टोकांत आहे. ती जोडलेलीच नसतात. दागिना जोडायचा म्हटलं की झाळ आली, आणि झाळ म्हणजे सोन्याच्या आधी वितळणारा मिश्र धातू. मण्यामण्यांची ठुशी किंवा जाळीदार बुगडी मोडीला घातली की घट धरली जाते ती अशा मिसळीपायी. घडणावळ तर केव्हाच गेलेली असते. वेढणीत झाळ नाही, म्हणून लपवायला जागाही नाही. बावीस कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के. उरलेलं तांबं-चांदी दागिन्याला ताठपणा देतं, नाजूक काम पेलतं. चोख सोन्याला तो ताठपणा नाही. ते बोटाच्या कलाने वाकतं, तळव्याच्या बाजूला झिजतं, भांड्याच्या कडेचा ओरखडा लगेच अंगावर घेतं. जुनी वेढणी पूर्ण गोल राहिलेली क्वचितच दिसेल. मला तर तशीच आवडते, हाताच्या सवयीने किंचित चेपलेली. नव्याचा तो एकसारखा पिवळा रंग जरा कोराच वाटतो.

असा दागिना सोनाराच्या कौशल्याचा नमुना म्हणून कोणी मिरवणार नाही. तो सराफाचा दागिना आहे. सोनार घडवतो, सराफ कस पाहतो, वजन करतो आणि आपल्या नावावर माल देतो. गणेश नारायण गाडगीळ यांनी १८३२ मध्ये सांगलीत पेढी मांडली तेव्हा तिथे पटवर्धनांचं संस्थान होतं, गादीवर पहिले चिंतामणराव. बारामतीच्या चंदुकाका सराफांची सुरुवात १८२७ची, म्हणजे ही घराणी जवळपास एकाच पिढीतली. तोळा-मासा-गुंजेचा तो काळ: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून शुद्धता ठरे, आणि गिऱ्हाईक ती रेघ वाचू शकत नसे. वाचणाऱ्यावर भरवसा ठेवणं एवढंच त्याच्या हाती.

१९५८ मध्ये पेढी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आली. त्यामागचं नाव अनंत गणेश गाडगीळ, म्हणजे सगळ्यांचे दाजीकाका. पाचच वर्षांत, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण आलं: नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही. देशभर हजारो सोनारांचे हात थांबले. वेढणीसारखी वस्तू तर त्या नियमात बसणारच नव्हती. १४ कॅरेटची वेढणी म्हणजे नुसतंच वळण. कॅरेटची अट १९६६ मध्ये सुटली, पण १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला.

वेढणीचा दुसरा गुण समजायला कर्नाटकातल्या जोयड्याकडे पाहावं. काळी नदीवरच्या धरणाने जुनं सुपे पाण्याखाली नेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. घर, आंगण, बागायत उचलून नेता येत नाही. अशा वेळी बोटातलं सोनं बरोबर येतं, आणि कुठल्याही गावच्या सराफाला ते तोडून तपासता येतं, वजनाने देता येतं. शंभर नंबरी मालाला ओळखपत्र लागत नाही.

पुढे घराण्याच्या वाटा झाल्या, एकाहून अधिक पाट्यांवर गाडगीळ हेच नाव लागलं. त्यांतली एक कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातही उतरली. कसोटीचा दगड वाचण्याचं काम आता हॉलमार्क करतो. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पुढे सहा अक्षर-अंकांच्या क्रमांकासकट. शुद्धता सगळीकडे सारखीच मिळू लागल्यावर दुकानांची चढाओढ डिझाइनवर गेली, ते ओघानेच आलं. तिथे वेढणी मागे पडते. फोटोत ती अगदीच सामान्य दिसते.

तरी गुरुपुष्याला लोक येतात, ऐपतीप्रमाणे लहान-मोठं वजन सांगतात, आणि डिझाइन दाखवा असं म्हणत नाहीत.