काठ्या मोजाव्यात की सेकंद?

आमच्या एकोडीकडे धान उभे असतानाच बांधीच्या ओलीवर लाखोळी फोकतात. नांगरणी नाही, वेगळे पाणी नाही, तरी पीक येते. दुष्काळात महिनोन्‌महिने ही एकच डाळ खाल्ली की पाय कायमचे लुळे पडतात, हे देशात जुने ज्ञान. 1961 मध्ये विक्रीवर बंदी आली. पेरा मात्र थांबला नाही.

1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी या दाण्यातले विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. चेतापेशींना ग्लुटामेट ज्या दारांतून उत्तेजित करते, त्याच दारांतून तेही शिरते. अति उत्तेजनाने पेशी मरते. जॉन ओल्नी यांनी 1969 मध्ये उंदरांच्या पिल्लांना ग्लुटामेट देऊन असा नाश दाखवला होता.

प्रौढ उंदीर लाखोळीला सहसा दाद देत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत कायनिक किंवा क्विनोलिनिक आम्ल थेट मेंदूत टोचतात आणि मग उंदीर किती सावरला ते मोजतात. माझी तक्रार या मोजण्याबद्दल आहे.

1957 पासून फिरता दांडा चालत आला आहे. उंदीर त्यावर किती सेकंद टिकला, एवढेच लिहायचे. पण हलका उंदीर जास्त टिकतो, सरावलेलाही टिकतो. काही तर दांड्याला चिकटून नुसते गोल फिरतात आणि आकडा वाढतो! इजा झालेला पाय तसाच राहतो, दुसरे पाय त्याचे काम उचलतात, आणि निबंधात ‘सुधारणा’ छापली जाते. अशा आकड्यावर औषधाचा दावा उभा राहिला, तर लुळ्या पायाच्या माणसाला त्यातून काय मिळणार?

याउलट अ‍ॅक्टन यांनी 1922 मध्ये लाखोळीच्या रुग्णांची प्रतवारी लावली होती: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. मोजपट्टी ओबडधोबड आहे. चिखलात रोवणीला उभे राहता येते का, हे ती विचारत नाही. तरी तिच्यात आधार लपत नाही, तोच मोजला जातो. फिरत्या दांड्याच्या सेकंदांत तो लपतो. मला जुनी पट्टी अधिक प्रामाणिक वाटते.

काचेच्या नळकांड्यात उंदीर भिंतीला कोणता पंजा टेकतो हे पाहणारी चाचणी यापेक्षा बरी, कारण तिथे दुखावलेली बाजू उघडी पडते. इजेआधीची नोंद, वजन आणि दांड्याला चिकटून घेतलेल्या फेऱ्या वेगळ्या दिल्या, तर सेकंदांवरही विश्वास ठेवता येईल. आणि बाजूने घेतलेले चालण्याचे चित्रण हवेच. लाखोळीचा रुग्ण चवड्यांवर चालतो, गुडघे वाकलेले, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणारे. टाच टेकते का, एवढे तरी उंदराच्या चित्रणात पाहावे.