काचेआडची मार्चपेन

घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही एका कुटुंबात गेलो होतो. दिवाणखान्यातील कुलूपबंद कपाटात चिनी मातीच्या मुखाची एक जुनी विलायती बाहुली आणि तिच्यापुढे इवल्याशा कपबशांचा चहाचा संच मांडलेला होता. घरातील पाच वर्षांची नात काचेला नाक लावून उभी होती. त्या रात्री रूमर गॉडन यांची ‘द डॉल्स हाउस’ (१९४७) ही बालकादंबरी आम्ही पुन्हा वाचावयास घेतली.

गॉडन यांचे बालपण पूर्व बंगालमधील नारायणगंज येथे गेले. १९६८ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. प्रस्तुत पुस्तक त्यापूर्वी एकवीस वर्षांचे. म्हणून त्यात आपल्या धर्मतत्त्वांचा आयता आधार शोधणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही एका धर्मगुरूला अस्वस्थ करील असे त्यात पुष्कळ आहे.

एमिली आणि शार्लट या बहिणींच्या बाहुलीघरात टॉटी ही जुनी लाकडी बाहुली, सेल्युलॉइडची भोळी बर्डी, तिचा पती आणि छोटा ॲपल असे कुटुंब नांदते. टॉटीच्या जातीच्या बाहुल्यांना इंग्रज ‘डच’ म्हणत. परंतु त्या मोठ्या प्रमाणावर आल्प्समधील गार्डेना खोऱ्यात कोरल्या जात. त्याच खोऱ्यातील कारागीर चर्चसाठी संतांच्या मूर्तीही घडवीत आले आहेत. टॉटीचा साधा, ताठ स्वभाव वाचताना आम्हाला हे वारंवार आठवले. या घरात पुढे मार्चपेन येते. तिचे अंग मऊ कातड्याचे, मुख चिनी मातीचे. आपल्याशी कोणी खेळू नये, केवळ पाहावे, एवढीच तिची आकांक्षा.

ही दृष्टी वस्तुतः संग्राहकाची आहे. संग्राहक बाहुलीच्या मानेमागील कारखान्याची खूण पाहतो, मुखावर केसाएवढी चीर आहे का ते तपासतो. चहाच्या संचात किटलीचे झाकण हरवले की मोल उतरते. मूळ खोक्यासह अभंग राहिलेला संच सर्वांत मोलाचा. म्हणजे ज्याच्याशी कोणतेही मूल मनसोक्त खेळले नाही, तो! (आमच्या लहानपणीची मातीची बोळकी एक पावसाळाही पाहत नसत.)

बाहुल्यांना स्वतः काही करता येत नाही, त्या केवळ इच्छा करू शकतात, हा गॉडन यांनी कथेला घातलेला नियम. प्रदर्शनात मांडलेल्या टॉटीला आपण विकल्या गेलो असे वाटते, ते प्रकरण या नियमामुळेच हृद्य झाले आहे. परंतु ॲपल दिव्याच्या ज्योतीजवळ जातो तेव्हा बर्डी मध्ये येते आणि सेल्युलॉइडचा तो देह क्षणार्धात जळून जातो. इच्छा येथे कृती होते. नियम मोडला, अशी तक्रार कोणी करील. आम्ही करणार नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. मार्चपेनच्या रूपाला भुलून घर तिच्या स्वाधीन करते ती एमिली. ॲपलला तिचे मूल ठरविते, टॉटीच्या कुटुंबाला त्यांच्याच घरात हलके स्थान देते, तीही एमिलीच. निवड करण्याचे स्वातंत्र्य होते ते तिला. लेखिका मात्र दोषाचा सारा भार चिनी मातीच्या बाहुलीवर टाकते आणि अखेरीस मार्चपेनची रवानगी संग्रहालयात होते. मोहाचा दोष वस्तूच्या माथी मारणे पापनिवेदन ऐकणाऱ्यास चांगलेच परिचित असते! शिवाय काचेआड मार्चपेन सुखीच आहे. मग ही शिक्षा कोणाला झाली? एमिलीच्या अंतःकरणात काय घडले, हे सांगण्यास आणखी दोन पाने खर्ची पडली असती तर पुस्तक थोर झाले असते. आज ते फार चांगले आहे, इतकेच म्हणता येते.

संग्रहालयाचा असा उपहासही आम्हाला पुरता मान्य नाही. कोणीतरी जपल्या म्हणूनच टॉटीसारख्या बाहुल्या आज पाहावयास मिळतात.

आमची प्रत त्या घरच्या सूनबाईंना वाचावयास दिली आहे. ती अद्याप परत आलेली नाही.